मंडळाचे काम लोकांच्या कानी कसे घालावे?

(शहादे तालुक्यातील म्हसावद येथे तरुण मंडळे, बचत गट व सेवाभावी मंडळे यांच्या मेळाव्यात एका प्राथमिक शिक्षकाने केलेले भाषण.)



आपल्या चालकांनी आम्हांस बोलावताना विषय नेमून दिला तो असा, की मंडळाच्या कामाची प्रसिद्धी कशी करावी. प्रसिद्धी हा शब्द कानी पडला की आमच्या डोळ्यांपुढे पहिल्याप्रथम फ्लेक्सच उभा राहतो, याला आमचा इलाज नाही. हल्ली गावाच्या तोंडाशी झाड दिसत नाही, फ्लेक्स दिसतो. त्यावर वरच्या अंगाला मोठे पुढारी, मध्ये धाकटे पुढारी आणि खाली शुभेच्छुक म्हणून तीस-चाळीस तोंडे. काम काय झाले ते शोधू जावे तर कोपऱ्यात एका ओळीत, तेही गॉगल घातलेल्या कोणाच्या तरी खांद्याआड. एका मंडळाने शाळेतील मुलांस वह्या वाटल्या, चांगले केले. वह्यांस किती लागले आणि फलकास किती, एवढे आम्ही सहज विचारले, तर चालक हसले आणि पावसापाण्याच्या गोष्टी काढू लागले. त्या फलकाचा पुढे उपयोग झाला, नाही असे नाही. आषाढात तो एका गोठ्यावर चढला. म्हशीला आता पुढाऱ्यांचे दर्शन बारमाही घडते.

पण हे ऐकून कोणी म्हणेल, की मग मास्तर, उजव्या हाताचे डाव्या हातास कळू नये अशी सेवा करावी, हेच बरे. तर तेही आम्हांस कबूल नाही. गुप्तदान हे श्रीमंताने करावे. मंडळाच्या कामात पैसा चारचौघांचा असतो, घाम दहाजणांचा असतो, आणि ज्याच्यासाठी काम करावयाचे तो माणूस दूर पाड्यावर बसलेला असतो. त्याला काम कळलेच नाही तर ते त्याच्यापर्यंत पोचणार कसे? विहीर खणली आणि वाट सांगितली नाही, तर तहानेल्यास ती विहीर काय कामाची? म्हणून कळविणे हा सेवेनंतरचा थाटमाट नव्हे, तो सेवेचाच अर्धा भाग आहे, असे आमचे मत आहे. आजचे आमचे सगळे बोलणे याच एका गोष्टीवर आहे.

एक डोळ्यांदेखतची हकीकत सांगतो. नावे घेत नाही, त्यात कोणास लाजविण्याचा हेतू नाही. आपल्या सातपुड्याच्या पायथ्याशी एका मंडळाने सिकलसेलच्या तपासणीचे शिबिर भरविले. डॉक्टर आले, तपासनीस आले, मांडव पडला, चहा उकळला. दुपार झाली तरी माणसे येतात ती मंडळाचीच. पाड्यावरचे बोटावर मोजण्याइतके. चालक चिडून म्हणाले, 'या लोकांना आपले हित कळत नाही.' आम्हांस हे वाक्य फार जुन्या ओळखीचे वाटले. आमच्या बापजाद्यांविषयीही शिकलेले लोक असेच बोलत असत.

आम्ही दुसऱ्या दिवशी पाड्यावर चौकशीस गेलो. तेव्हा काय कळले? दिवाळी होऊन गेली होती. निम्मा पाडा ऊसतोडीस गुजरातेत गेलेला, तो होळीच्या सुमारास परतायचा. हे गावात कोणास ठाऊक नव्हते काय? सर्वांस ठाऊक होते, पण शिबिराची तारीख पाहुण्यांच्या सोयीने धरली होती. जे घरी होते त्यांनी फलक पाहिला होता. त्यावर छापले होते 'सिकलसेल निर्मूलन तपासणी शिबिर'. या चार शब्दांतला एकही शब्द पावरी बोलणाऱ्या म्हातारीच्या घरातला नाही. उलट कोणी उठविले होते, की बाटलीभर रक्त काढून घेतात आणि शहरात विकतात. ते मात्र अगदी शुद्ध पावरीत उठविले होते, म्हणून ते घरोघर पोचले. खोट्याला लोकांची भाषा येते आणि खऱ्याला येत नाही, हा दोष लोकांचा की खऱ्याचा?

आता हा रोग काय आहे ते दोन शब्दांत सांगितले पाहिजे, कारण येथे बसलेल्यांपैकी कित्येकांच्या घराशी त्याचा संबंध आहे. आपल्या रक्तातील तांबड्या पेशी चांगल्या असल्या तर वाटोळ्या व मऊ असतात. या रोगात त्या विळ्यासारख्या वाकड्या व ताठ होतात, बारीक नळ्यांत अडकतात. मग हाडे-सांधे ठणकतात, रक्त कमी पडते, डोळे पिवळे होतात, ताप वरचेवर येतो. हा रोग शिवण्याने होत नाही, देवाच्या कोपाने होत नाही, पाण्याने होत नाही. तो आईबापांकडून रक्तातून येतो. आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच तो गुण आला तर मनुष्य नुसता वाहक होतो. तो बहुधा धडधाकट असतो, नांगर धरतो, ऊस तोडतो, त्याला पत्ताही नसतो. पण नवरा-बायको दोघेही वाहक असले तर प्रत्येक खेपेस चारांत एक इतका संभव, की मूल रोगी निपजेल. म्हणून लग्नाआधी तपासणी करून घ्यावी असे डॉक्टर सांगतात. रोग असलाच तर औषधे आहेत, त्यांनी दुखण्याच्या खेपा कमी करता येतात. भरपूर पाणी पिणे, थंडीपासून जपणे, तापाकडे दुर्लक्ष न करणे, ही पथ्ये आहेत. सरकारने १ जुलै २०२३ पासून याविरुद्ध देशभर मोहीमही उघडली आहे. गोळ्या आहेत, तपासणी आहे. मध्ये खंड पडतो तो सांगण्यात.

त्याच शिबिराची पुढची गोष्ट याहून वाईट आहे. जे थोडे लोक आले त्यांत एक पोर वाहक निघाली. मंडळातील एका उत्साही तरुणाने, काम किती झाले हे दाखविण्यासाठी, नावांची यादी फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकली. त्याच्या मनात वाईट नव्हते. त्याला वाटले, ही प्रसिद्धी. पंधरा दिवसांत त्या पोरीचे जमत आलेले लग्न मोडले. बंधूंनो, वाहक म्हणजे रोगी नव्हे, हे त्या सोयऱ्यांस कोणी समजावलेच नव्हते. त्यांना फक्त नाव कळले. सांगावयाचे ते राहिले आणि झाकावयाचे ते जगजाहीर झाले. पुढल्या वेळी त्या पाड्यावरून तपासणीस कोण येणार?

म्हणून आमचे पहिले मागणे हेच आहे, की ज्याला मदत केली त्याचे तोंड विकू नका. वही घेणाऱ्या पोराचा हात आणि देणाऱ्याचे दात एकाच छायाचित्रात घेण्याची जी चाल पडली आहे ती बंद करावी. घेणाराही उद्या शिकेल, मोठा होईल, त्याने ते छायाचित्र पाहून मान खाली का घालावी? छायाचित्र काढावयाचेच तर बांधलेल्या बंधाऱ्याचे काढा, लावलेल्या झाडाचे काढा, आणि तेच झाड तीन वर्षांनी पुन्हा काढा. तेवढे धैर्य किती मंडळांस होते ते पाहू.

आता कोणी म्हणेल की हे सेवा मंडळ, क्लब वगैरे विलायती प्रकार आहेत, त्यांचे नियम त्यांस ठाऊक. तसेही नाही. रोटरी क्लब २३ फेब्रुवारी १९०५ रोजी अमेरिकेत शिकागो शहरी निघाला. चार धंदेवाईक गृहस्थ पाळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत जमत, म्हणून त्याचे नाव फिरता असे पडले. लायन्स क्लब त्याच शहरात १९१७ साली निघाला. पण त्यांच्या कितीतरी आधी, २४ सप्टेंबर १८७३ रोजी, पुण्यास जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाज स्थापला आणि माळी, कुणबी, साळी, शिंपी अशा कष्टकरी माणसांनी वर्गणी काढून लोककार्य चालविले. त्यांनी प्रसिद्धी कशी केली? मार्च १८७७ मध्ये मागील वर्षाच्या कामाचा रिपोर्ट छापून लोकांपुढे ठेवला. त्याच साली दुष्काळ पडला, तेव्हा मे महिन्यात जोतीरावांनी विनंतीपत्रक काढले. धनकवडीस उपाशी पोरांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम काढला होता, त्यास साह्य करावे, एवढेच मागणे. कोठे काम आहे, कोणासाठी आहे, काय हवे आहे. आजच्या फलकावर ही तीन गोष्टींची उत्तरे आम्हांस कोणी शोधून दाखवावीत!

त्याच वर्षाच्या १ जानेवारीस कृष्णराव भालेकर यांनी 'दीनबंधु' हे पत्र काढले. पैशाची ओढाताण झाली तेव्हा नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८० मध्ये ते मुंबईस चालविण्यास घेतले. पुढे मुकुंदराव पाटील यांनी १९१० पासून 'दीनमित्र' चालविला, तो पुण्या-मुंबईहून नव्हे, तर नेवासे तालुक्यातील तरवडी या खेड्यातून, आणि १९६७ पर्यंत चालविला. खेड्यात छापखाना ठेवून, खेड्याच्या बोलीत, खेडुतांसाठी पत्र! ज्याला वाचता येत नसे तो चावडीवर दुसऱ्याकडून वाचून घेई. ज्याला तेही जमत नसे त्याच्यासाठी सत्यशोधक जलसे होते. दिवसभर नांगर हाकलेली माणसे रात्री डफ-तुणतुणे घेऊन उभी राहत आणि सवाल-जबाबांत विषय पटवीत. गावाला तमाशा ठाऊक होता, म्हणून तमाशाच्याच अंगाने गेले. लोकांस नवे सांगावयाचे तर जुन्या ओळखीच्या वाटेने जावे, हे त्यांनी ओळखले होते.

गाडगे महाराजांचे उदाहरण तर प्रत्येकाच्या तोंडी आहे, म्हणून लांबवीत नाही. आधी दिवसभर हातात खराटा, मग रात्री कीर्तन. ज्याने सकाळी आपल्या दारची घाण काढली त्याचे बोलणे रात्री कोण टाळील?

फार लांब कशाला जा? आपल्या शेजारच्या तळोदे तालुक्यात मोरवड येथे १९३८ साली गुलाम महाराज नावाच्या आदिवासी गृहस्थांनी दारू सोडा, रोज स्नान करा, स्वच्छ राहा, असे सांगण्यास आरंभ केला. छापील कागद नाही, पत्र नाही. दर सोमवारी आरती, आणि एकमेकांस भेटताना 'आप' म्हणावयाचे. एवढ्यावर डोंगरातून हजारो माणसे पायी येऊ लागली. कारण काय? वार ठरलेला, जागा ठरलेली, खूण सोपी, आणि सांगणारा आपल्यातला. पुढे आपल्याच शहादे तालुक्यात अंबरसिंग महाराजांनी भजनांतून भिल्ल बांधवांस जागे केले. १९७२ च्या सुमारास येथल्या आदिवासी बायाबापड्यांनी गावोगाव मोर्चे नेऊन दारूची मडकी फोडली. त्या मोर्च्याचे आमंत्रण कोणी छापले होते काय? एका गावच्या बाया दुसऱ्या गावी चालत गेल्या, हेच आमंत्रण.

विलायती क्लबांसही शेवटी हाच धडा घ्यावा लागला. रोटरीने १९८५ साली पोलिओ घालविण्याचे काम अंगावर घेतले. आपल्या देशात लसीचे थेंब होते, माणसे होती, गाड्या होत्या. तरी उत्तर प्रदेश, बिहारात कित्येक घरांनी दारे लावून घेतली. थेंबांनी पोरे पुढे निपुत्रिक होतात, अशी कंडी पिकली होती. ती कंडी फलकांनी मोडली नाही. त्याच मोहल्ल्यातल्या बायका घरोघर जाऊन बसल्या, मशिदीतून मौलवींनी सांगितले, गावच्या वडीलधाऱ्यांनी आपल्या नातवंडांस लोकांसमोर थेंब पाजले, तेव्हा दारे उघडली. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालातील हावडा जिल्ह्यात शेवटचा रोगी सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला देश पोलिओमुक्त असल्याचा दाखला मिळाला.

तेव्हा आपल्या मंडळांनी काय करावे? आम्ही मास्तर आहोत, म्हणून मास्तरी थाटाने सांगतो, राग मानू नये. अध्यापक विद्यालयात आम्हांस शिकविले, की फळ्यावरचे अक्षर मागच्या बाकावरच्या पोरासाठी काढावे. पुढच्यास ते आपोआप दिसते. मंडळाने हेच करावे. मागच्या बाकावर कोण आहे? पाड्यावरची म्हातारी, पपईच्या बागेत मजुरीला जाणारी बाई, गुरामागचा पोर. तिला कळेल असे बोलावे, मग पेठेतल्यांस कळेलच. शिबिराची हाळी द्यावयाची तर अशी द्यावी: 'मंगळवारी सकाळी आठपासून शाळेच्या ओसरीत रक्त तपासणार. बोटातून थेंबभर रक्त घेणार, बाटली नाही. पैसे नाहीत. ज्यांचे हातपाय वरचेवर ठणकतात, ज्यांच्या लेकराचे डोळे पिवळे होतात, ज्यांच्या घरी लग्न जमवायचे आहे, त्यांनी यावे. कोणाचे काय निघाले ते ज्याचे त्यालाच सांगणार.' ही हाळी पावरीत, भिलीत, अहिराणीत, गुजरीत त्या त्या घरच्या माणसाने द्यावी. कर्ण्यावर एकदा ओरडून भागत नाही. बाजारच्या दिवशी सांगावे, पिठाच्या गिरणीवर सांगावे, कारण बाया तेथे जमतात. न्हाव्याच्या दुकानी आणि लोहाराच्या भात्यापाशी सांगावे. फाळ शेवटून घेईतो शेतकरी तेथे तासभर बसतो आणि त्याला ऐकण्यावाचून दुसरे काम नसते. होळीआधी भोंगऱ्या बाजार भरतो, तेव्हा ऊसतोडीची माणसेही परतलेली असतात. त्या गर्दीत पाळण्याशेजारी एक खाट टाकून दोन जाणती माणसे बसली, तरी वर्षाच्या फलकांहून अधिक काम होईल.

एका मंडळाने एक काळा फळा चौकात लावावा. खडूला पैसे पडत नाहीत, आणि लागलेच तर आमच्याकडून न्यावेत. त्यावर दर आठवड्यास मोठ्या अक्षरांत चार ओळी. शाळेतल्या सातवी-आठवीच्या मुलींकडून लिहवून घ्या. त्यांचे अक्षर तुमच्याहून चांगले असते, आणि मुलीने लिहिले म्हणजे तिची आई, मावशी, आजी ते वाचावयास येतात, हा आमचा अनुभव आहे.

वर्तमानपत्रास बातमी धाडताना मंडळी पहिला अर्धा कागद पाहुण्यांच्या नावांत घालवितात. मग ते पत्र नावे ठेवते आणि काम कापते. कोणी, काय, कोठे, केव्हा, कशासाठी केले, हे पहिल्या चार ओळींत येऊ द्या. पाहुणे शेवटी. खड्डे किती खणले, रोपे किती लावली, त्यांतली किती जगली, ते लिहा. न जगलेलीही लिहा. मागल्या वर्षी शंभर लावली, चाळीस राहिली, कुंपण नव्हते म्हणून शेळ्यांनी खाल्ली, यंदा कुंपणासाठी काटे हवेत, असे ज्या मंडळाने लिहिले त्याला काटे मिळतील. ज्याने 'वृक्षारोपण उत्साहात संपन्न' लिहिले त्याला टाळ्या मिळतील, काटे मिळणार नाहीत.

आणि हिशेब. आमच्या मते सर्व प्रसिद्धीचे मूळ हिशेबाच्या वहीत आहे. वर्गणी मागावयास दारी येणारा तरुण गोड बोलतो, पावती देतो, आणि वर्षभर दिसत नाही. पुढल्या वर्षी घरधनी दार उघडण्यास कुचरतो, त्यात त्याचे काय चुकले? कायद्याप्रमाणेही अशी वर्गणी गोळा करण्याआधी धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीची परवानगी घ्यावी लागते, आणि नोंदलेल्या संस्थेस दरसाल जमाखर्च द्यावा लागतो. पण कचेरीत दिलेला कागद गावास दिसत नाही. म्हणून वर्षातून एकदा, पिके निघाल्यावर, चावडीसमोर सतरंजी घालून हिशेब मोठ्याने वाचावा. कोणाकडून किती आले, कोठे किती गेले, किती उरले. ज्याने दहा रुपये दिले त्याचेही नाव वाचावे. शिल्लक राहिली तर सांगावे, तूट आली तर तीही सांगावी. कोणी उठून वेडावाकडा प्रश्न विचारील, विचारू द्या. विडीकाडीचा खर्च मंडळाच्या खाती कसा, असे एका म्हाताऱ्याने विचारले तेव्हा सारी सभा हसली आणि खजिनदार घामाघूम झाला. पण पुढल्या वर्षी त्याच म्हाताऱ्याने सर्वांआधी वर्गणी दिली, हे आम्ही पाहिले आहे.

वर्गणीची गोष्ट निघाली म्हणून आणखी एक. पुढाऱ्याने पैसे दिले तर घ्यावेत की नाही, असे आताच एका तरुणाने चिठ्ठी पाठवून विचारले आहे. घ्यावेत, पावती द्यावी, आणि चावडीवर इतरांच्या ओळीतच त्याचे नाव वाचावे. तो रुसला तर समजावे की देणगी नव्हती, फलकाचे भाडे होते.

आता आमचा वेळ संपत आला, बाहेर बैल सोडावयाची वेळ झाली आहे. जाण्यापूर्वी एवढे ठरवावे. येत्या होळीच्या आधी जी तपासणी व्हावयाची आहे तिची हाळी कोणत्या पाड्यावर कोण देणार? पावरीत बोलणाऱ्या दोन बायांनी आपली नावे दिली आहेत. भिलीसाठी एकाने दिले आहे, पण तो ऊसतोडीस जाणार असल्यास दुसरा हवा. नावांची वही कुलपात राहील आणि किल्ली तपासनीस बाईंपाशी राहील, हे सर्वांसमोर कबूल व्हावे. फळ्यासाठी सुताराने फळी देऊ केली आहे, ती बसविण्यास उद्या सकाळी शाळा भरण्याआधी चौघे यावेत. आम्ही खडू घेऊन तेथे आहोत.